मी पोचवलेलं मत

मस्कतमध्ये उन्हाळा आधी नळातून येतो. बाहेर अजून बरं असतं. अझैब्याच्या समुद्रावर शुक्रवारी संध्याकाळी लोक चादरी अंथरून बसलेले असतात, कुणी कोळशावर कणसं भाजत असतं, बायकांच्या खांद्यावर उगाचच एखादी शाल असते. आणि मार्चच्या मध्यावर एका सकाळी दात घासताना गार पाण्याचा नळ सोडावा तर तोंडात कोमट पाणी येतं. गच्चीवरच्या टाक्या तापायला लागलेल्या असतात. मग आमच्याकडे उलटा कारभार सुरू होतो. गिझर बंद करायचा. घरातल्या सावलीत त्याच्या पोटातलं पाणी गार राहतं, म्हणून पुढचे सहा महिने लाल खुणेच्या नळाला गार पाणी आणि निळ्या खुणेच्या नळाला गरम. नवे पाहुणे हमखास हात पोळून घेतात आणि आम्ही जुने लोक हसतो.

परवा सकाळी मी गिझरचं बटण बंद केलं आणि तोंडातलं कोमट पाणी थुंकून टाकलं. तीन वर्षं झाली, हे पाणी तोंडात आलं की मला मळमळतं. पाण्याचा काही दोष नाही. दोष सोळा सालच्या मार्चचा आहे, आणि बराचसा माझा आहे.

तसा मार्च हा इथला देखणा महिना. म्युनिसिपालिटीने थंडीत हायवेच्या कडेला लावलेली पिटुनियाची फुलं अजून टिकून असतात, जांभळी, पांढरी, गुलाबी, मैलोन्‌मैल. जवळून पाहिलं तर कडा वाळलेल्या असतात. ऐंशीच्या स्पीडने जाणाऱ्याला त्या दिसत नाहीत. इंडियन स्कूलच्या बाहेर आईबाप गाडीत एसी लावून बसलेले, आत मुलं पेपर लिहितायत. माझ्या प्रज्ञाच्या बारावीला मीही असाच बसलो होतो, मांडीवर कलिंगडाच्या फोडींचा डबा घेऊन. ती बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, इझी होता." तेव्हा मला वाटलं, आता हिला आयुष्यात कुणापुढे वाकावं लागणार नाही. बाप माणसाला काहीही वाटू शकतं.

सोळा सालच्या मार्चमध्ये जर्मनीतल्या एका राज्याची विधानसभा निवडणूक झाली. झाक्सन-आनहाल्ट. हे नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही. मस्कतमध्ये बसलेल्या मराठी माणसाने या राज्याची उठाठेव करायचं काहीच कारण नव्हतं. पण माझी मुलगी त्या राज्याच्या राजधानीत, माग्डेबुर्गला, इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेत होती, आणि माझा साहेब त्याच राज्यातल्या एका खेड्यातला मतदार होता. म्हणजे एक माझी आणि एक माझ्यावरचा, अशी दोन माणसं त्या निवडणुकीत गुंतली होती.

साहेबांचं नाव डीटर. अल् खुवैरमधल्या आमच्या ऑफिसात सांडपाण्याच्या वाहिन्यांची डिझाइनं होतात. मी तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर. नाव भारी आहे, काम साधं आहे: ऑफिसात येणारा आणि ऑफिसातून जाणारा प्रत्येक कागद माझ्या हातून जातो. त्याला नंबर देणं, कितवी आवृत्ती ते लिहिणं, कुणाकडे कशासाठी गेला ते नोंदवणं आणि तो पोचला की पोच मागवणं. वीस वर्षांत माझ्या हातून एक कागद हरवलेला नाही. हे मी अभिमानाने सांगायचो.

डीटर माणूस चांगला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळी पंचाईत त्या चांगुलपणानेच केली आहे. ऑफिसच्या मागच्या गल्लीतल्या मांजरांना तो रोज उकडलेलं अंडं कुस्करून घालायचा. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन दिवस हॉस्पिटलात येऊन बसला, माझ्या बायकोला, सविताला, "मॅडम, तुम्ही घरी जाऊन झोपा" म्हणाला. आणि प्रज्ञाची पदवी हातात यायच्या आधीच त्याने तिच्यासाठी एक पत्र लिहिलं. त्याच्या गावाजवळ पंप बनवणारा एक कारखाना आहे, तिथला मॅनेजर त्याचा शाळासोबती. पत्र गेलं, मुलाखत झाली, नोकरी देऊ केली. मार्च संपायच्या आत तिने करारावर सही करून पाठवायची होती. नाही तर व्हिसाची मुदत पाहता तिला परत यावं लागलं असतं. तेलाचे भाव पडले होते, मस्कतमध्ये आमच्या ओळखीतल्या घराघरांत सामानाची खोकी बांधली जात होती. परत येऊन करणार काय?

माझी एकच इच्छा होती, आणि ती मी सविताला रोज बोलून दाखवायचो. पोरीने ताठ मानेने जगावं. कुणी मेहेरबानी म्हणून जागा दिलीय, कुणी सांभाळून घेतलंय, असं जगणं तिच्या वाट्याला येऊ नये. मी तसं जगलो. माझ्यावर ते संपावं.

आता मताचं सांगतो. आमच्या घरात मतदान हा सण होता. देहूरोडच्या डेपोत वडील स्टोअरकीपर. मतदानाच्या दिवशी ते पहाटे उठून दाढी करायचे, परीटघडीचा सदरा घालायचे, भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीला हात जोडायचे आणि केंद्र उघडायच्या आधी रांगेत उभे राहायचे. "डेपोचा कमांडंट आणि मी," ते म्हणायचे, "वर्षभर तो खुर्चीत आणि मी उभा. आज दोघं एका रांगेत. त्याचं एक, माझंही एकच." बोटावरची शाई जाऊ नये म्हणून त्या दिवशी ते डाव्या हाताला साबण लावत नसत. आणि इथे येऊन मला इतकी वर्षं झाली, माझं मत देहूरोडच्या यादीत नुसतं पडून आहे. परदेशात बसून ते देता येत नाही, आणि त्यासाठी सुट्टी टाकून जाणं मला कधी जमलं नाही. वडील असते तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं.

म्हणून फेब्रुवारीत पोस्ट बॉक्समधल्या टपालात डीटरच्या नावाचा तो जाडा लिफाफा आला तेव्हा माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. त्याच्या गावच्या कचेरीने पोस्टाने मत द्यायची कागदपत्रं पाठवली होती. आत मतपत्रिका, तिच्यासाठी एक लिफाफा, तो घालायला दुसरा लिफाफा, सही करायचा कागद. किती सुंदर व्यवस्था! माणूस पाच हजार किलोमीटरवर सांडपाण्याच्या वाहिन्या मोजतोय आणि त्याचं गाव त्याला विसरलेलं नाही. मी तो लिफाफा दोन्ही हातांत धरून पाहिला.

डीटर तेव्हा सोहारला साइटवर होता. फोन केला तर हसला. "विलास, सोडून दे. मी महिनाभर इथेच आहे. आता ते कधी भरायचं आणि कधी पोचायचं? एका मताने काय होतं?"

एका मताने काय होतं! हे वाक्य मी, माझ्या वडिलांचा मुलगा, ऐकून कसं घेणार? मी म्हटलं, "सर, उद्या साइटची गाडी येतेय. मी स्वतः घेऊन येतो."

आणि गेलो. दोन-सव्वादोन तासांचा रस्ता, डाव्या हाताला कोरडे डोंगर, उजवीकडे मधून मधून समुद्र आणि खजुराच्या बागा. ड्रॉइंगच्या गुंडाळ्या मागच्या सीटवर, लिफाफा माझ्या मांडीवर. साइटच्या पत्र्याच्या केबिनमध्ये डीटर हेल्मेट काढून बसला. मी दार लावलं, परदेशी लोकशाहीचा मान राखायचा म्हणून त्याच्याकडे पाठ केली आणि भिंतीवरच्या नकाशात मॅनहोल मोजत उभा राहिलो. अकरा मॅनहोल मोजून होईपर्यंत त्याचं झालंसुद्धा. विचारबिचार करायला त्याला वेळ लागला नाही.

"माझ्या मताची काळजी तुला माझ्यापेक्षा जास्त," तो म्हणाला आणि त्याने माझ्यासाठी चहा मागवला.

परत येताना मी अझैब्याच्या कुरिअरवाल्याकडे थांबलो. काउंटरवरच्या माणसाला तीनतीनदा सांगितलं, वेळेत पोचलं पाहिजे, महत्त्वाचं आहे. त्याने "इन्शाल्ला" म्हटलं तर मी चिडलो. "इन्शाल्ला नको भाई, पक्का बोलो." दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या रजिस्टरमध्ये मी त्याची नोंद केली. डॉक्युमेंट: मतपत्रिका. आवृत्ती: शून्य. कशासाठी: मंजुरीसाठी. स्वतःच्या विनोदावर खूश झालो. आठवड्याने पोच आली, तीही फायलीला लावली. त्या रात्री सविताला सगळं रंगवून सांगितलं. ती भाजी निवडत म्हणाली, "तुम्हाला दुसऱ्याच्या लग्नात नाचायची फार हौस."

निवडणूक रविवारी झाली. इथे रविवार म्हणजे कामाचा दिवस. आठवडा सुरू होतो. सोमवारी सकाळी, त्या कोमट पाण्याने दात घासून, मी ऑफिसात गेलो आणि कॉम्प्युटर उघडून आधी निकाल पाहिला. रंगीत उभे खांब होते. पहिला काळा. त्याच्या शेजारी, फार खाली नाही, दुसरा खांब निळा. मला निळ्या रंगाचं अप्रूप. आमच्या घरी पडदे निळे, प्रज्ञाची पहिली सायकल निळी. क्षणभर बरं वाटलं, आणि मग मी त्याखालचा मजकूर वाचला. परदेशी लोकांना दारं बंद करा, आलेत त्यांना हाकला, एवढ्या एका आरोळीवर उभा राहिलेला पक्ष. राज्यात पहिल्यांदाच लढला आणि थेट दुसरा आला. साधारण दर चार मतांत एक मत त्याचं.

डीटर त्या दिवशी अल् खुवैरलाच होता. दहाच्या सुमाराला हातात कॉफीचे दोन कप घेऊन माझ्या टेबलाशी आला. एक माझ्यापुढे ठेवला. इतक्या वर्षांत त्याने माझ्यासाठी कॉफी आणलेली ही पहिलीच वेळ.

"आपलं मत पोचलं, विलास," तो म्हणाला. "पाहिलंस ना? दुसरे आलो आम्ही."

थट्टा करत असेल असं वाटलं. पण तो खुशीत होता. वर्गात नंबर आलेल्या पोरासारखा. मी म्हटलं, "सर, पण हे लोक तर परदेशी माणसांच्या विरुद्ध आहेत."

"तुझ्यासारख्यांच्या विरुद्ध नाही," तो लगेच म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू काम करतोस. नियम पाळतोस. आणि तुझी मुलगी तर काय, किती हुशार, जर्मन किती छान बोलते. ती त्या लोकांसारखी मुळीच नाही. तसं असतं तर मी पत्र दिलं असतं का?"

मला उत्तर द्यायचं होतं. शपथेवर सांगतो, द्यायचं होतं. 'ते लोक' म्हणजे कोण, हे त्याला विचारायचं होतं. जो युद्धातून पळून आला तो, की ज्याची चामडी माझ्या रंगाची आहे तो? रस्त्यात प्रज्ञा दिसली तर तिची डिग्री तिच्या कपाळावर लिहिलेली असते का? पण एप्रिलमध्ये माझा करार संपत होता. त्याच्या नूतनीकरणावर डीटरची सही लागणार होती, आणि पंपाच्या कारखान्यातल्या त्या नोकरीच्या मुळाशीही डीटरच होता. मी म्हणालो, "यस सर." आणि त्याने आणलेली कॉफी पिऊन टाकली. ती घशाखाली जाताना जी शिसारी आली ती आजपर्यंत गेलेली नाही.

कारण हे वाक्य मला नवं नव्हतं. लग्न झाल्यावर आम्ही पुण्यात भाड्याने घर शोधत होतो. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. सातव्या की आठव्या घरी मालकीणबाईंनी आम्हाला नीट न्याहाळलं, सविताच्या साडीकडे पाहिलं, माझे चकचकीत बूट पाहिले आणि म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो. म्हणून देते." सविताचा चेहरा पडला. मी हसून किल्ली घेतली आणि वर "थँक यू मावशी" म्हटलं. अपमानावर आभार मानायची ती माझी पहिली खेप होती, आणि माणसाला एकदा हे जमलं की पुढे सोपं जातं.

त्या सोमवारी घरी परतताना गाडीत कर्णिक होता. आमच्याच इमारतीत राहतो, अल् खुवैरमध्येच एका इन्शुरन्स ऑफिसात आहे. पेट्रोल वाचवायला आम्ही एका गाडीतून जायचो. त्याने फोनवर बातमी वाचली आणि मांडीवर थाप मारली. "अरे सॉलिड झालं! जर्मनीत झणझणीत निकाल लागला. पाठवा म्हणावं एकेकाला परत. कुणीही उठावं आणि दुसऱ्याच्या देशात जाऊन बसावं!"

आमच्या दोन्ही बाजूंनी त्या वेळी ओमान पसरलेला होता. आम्ही दोघं त्यात एकूण पस्तीस-एक वर्षं बसलेलो होतो.

मी विचारलं, "कर्णिक, तुझं रेसिडंट कार्ड कधी संपतंय?"

"पुढच्या महिन्यात. टेन्शन आहे रे, कंपनी रिन्यू करतेय की खलास करतेय कळत नाही. का विचारलंस?"

"सहज," मी म्हणालो. त्याला खरोखरच काही कळलं नव्हतं. त्याच्या गाढवपणाची मला किळस आली, आणि ती येता येताच एक गोष्ट आठवून जागच्या जागी थिजली.

त्याच्या तीन वर्षं आधी हाच कर्णिक एक कागद घेऊन दारोदार फिरला होता. आमच्या इमारतीत तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये सहा बांगलादेशी राहायचे. शिंपीकाम करणारे, बायकापोरं गावी. इथे अशांना सगळे 'बॅचलर' म्हणतात, मग घरी चार लेकरं का असेनात. कागदावर लिहिलं होतं, ही फॅमिली बिल्डिंग आहे, बॅचलर लोकांमुळे बायकामुलींना अवघड होतं, सुक्या मासळीचा वास येतो, सबब त्यांना काढावं. खाली रहिवाशांच्या सह्या. आमच्या अर्बाबला, म्हणजे ओमानी घरमालकाला, त्यांच्याबद्दल काहीही तक्रार नव्हती. भाडं वेळेवर यायचं. आम्ही भारतीय फॅमिलीवाल्यांनीच त्याच्या मागे लकडा लावला.

सविता आतून म्हणाली, "सुक्या मासळीचा वास तर आपल्या घरातूनही येतो." तरी मी सही केली. सुवाच्य. इतर सगळ्यांनी फराटे ओढले होते, मी पूर्ण नाव लिहून फ्लॅट नंबर टाकला. त्या ओळीत माझं नाव कर्णिकच्या खाली आणि एका मल्याळी मॅनेजरच्या वर होतं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. आपल्याकडे सही मागायला आले. आपण धरले गेलो ते काढणाऱ्यांत. प्रज्ञा पुण्याहून इंजिनिअरिंग संपवून आलेली, जर्मनीला जायच्या तयारीत होती. तिने माझ्या खांद्यावरून कागद वाचला आणि म्हणाली, "गुड. खाली लिफ्टपाशी फार ऑक्वर्ड होतं, बाबा." मी कागद कर्णिकच्या हातात दिला.

पुढच्या महिन्यात एका शुक्रवारी त्यांचं सामान पिकअपमध्ये चढलं. गाद्या, शिलाई मशिनं, दोरीने बांधलेला कुकर. त्यांच्यातल्या वयस्क शिंप्याने माझ्या पँटी कितीदा तरी आखूड करून दिल्या होत्या. त्याने मला पाहून नेहमीसारखं "सलाम भाई" केलं. त्याला बहुधा सह्या कुणाच्या ते माहीत नव्हतं. मी मानेने सलाम घेतला आणि लिफ्टचं बटण दाबत राहिलो.

तर डीटरला मी कुठल्या तोंडाने बोलणार होतो? त्याने निदान आपला कौल बंद लिफाफ्यात, सभ्यपणे दिला होता.

निकालानंतर चारपाच दिवसांनी प्रज्ञाचा फोन आला. मी मुद्दाम निवडणुकीचं काढलं नाही. तीच म्हणाली, "बाबा, इथे काहीच झालं नाही. सगळं नॉर्मल. बेकरीवाली बाई तशीच हसते. ओन्ली थिंग... ट्राममध्ये बसले की मी लोकांना मोजते."

"मोजतेस म्हणजे?"

"वन, टू, थ्री, फोर. चौथा तो. मग दुसरीकडून मोजते. मग चौथी ती आजी निघते, जिने मला काल सीट दिली." ती हसली, पण ते हसू मला आवडलं नाही. मग म्हणाली, "कॉन्ट्रॅक्टचं काय करू? ते गाव छोटं आहे, बाबा. तिकडे तर मतं अजूनच जास्त पडलीत म्हणे. खरं सांगा, सही करू का?"

फोन स्पीकरवर होता. सविता समोर बसून माझ्याकडे टक लावून पाहत होती. तिला मी डीटरचं सगळं सांगितलेलं होतं. तिने हाताने खूण केली, सांगा. मुलीला सांगा की ज्याच्या शब्दावर नोकरी मिळाली त्याने मत कुणाला दिलंय, आणि मग तिचं तिला ठरवू द्या. एवढंच करायचं होतं. तिचा निर्णय तिला डोळे उघडे ठेवून घेऊ द्यायचा होता. ताठ मान म्हणजे आणखी काय असतं?

मी म्हणालो, "कर सही. लोक चांगले आहेत. डीटर अंकल आहेत ना."

फोन ठेवल्यावर सविता म्हणाली, "भित्रे आहात तुम्ही." मी म्हटलं, नोकरी पक्की होऊ दे, मग सांगू. नोकरी पक्की झाली. माझाही करार वाढला, सहीचा कागद मीच डीटरपुढे नेऊन ठेवला आणि त्याला नंबर दिला. मग म्हटलं, ती तिथे जरा रुळू दे. मग ती रुळली. सांगायचं राहूनच गेलं असं मी म्हणतो. राहून वगैरे काही जात नाही. आपण ठेवतो.

कर्णिकचं कार्ड रिन्यू झालं नाही. तो आता पुण्यात असतो आणि व्हॉट्सॅपवर मला रोज परदेशातून लोकांना हाकलून दिल्याचे व्हिडिओ पाठवतो. डीटर दीडेक वर्षाने निवृत्त होऊन गावी गेला. जाताना मांजरांच्या अंड्यांसाठी मला बजावून गेला. अंडी मी अजून घालतो. तो माणूस वाईट असता तर मला किती सोपं झालं असतं! नाताळात तो प्रज्ञाला घरी जेवायला बोलावतो, तिच्यासाठी मुद्दाम बिनमासाचं करतो, जरी ती सगळं खाते. फोटो येतात. तो, त्याची बायको आणि प्रज्ञा, मेणबत्त्यांच्या उजेडात हसताना. सविता ते फोटो पाहते आणि मोबाइल माझ्याकडे देते.

या मार्चमध्येही सगळं वेळेवर झालं. फुलांच्या कडा वाळल्या, शाळेबाहेर गाड्या लागल्या, नळाला कोमट पाणी आलं. आणि काल, शुक्रवारी दुपारी, प्रज्ञाचा फोन. मे महिन्यात आम्हा दोघांना पहिल्यांदा तिच्याकडे जायचंय. तिने आमंत्रणाचं पत्र पाठवलंय, त्यावर आमचा व्हिसा होणार. खुशीत होती. कारखान्यात आता तिच्या हाताखाली नऊ माणसं आहेत. मी विचारलं, काम कसं चाललंय?

"काम ठीक आहे, बाबा. बट मॅनेजमेंटने एक प्रॉब्लेम करून ठेवलाय. तीन सिरियन मुलं घेतलीत ट्रेनी म्हणून. माझ्याच लाइनवर. कँटीनमध्ये आता ती माझ्या टेबलवर येऊन बसतात. कारण मी पण... यू नो. ब्राउन."

"मग? चांगलं आहे की. बोलायला सोबत."

"नाही ना, बाबा. तुम्हाला कळत नाही. तीन वर्षं लागली मला इथे... म्हणजे लोक मला वेगळं समजतात. रिस्पेक्ट देतात. आता ती शेजारी बसली की सगळे आम्हाला एकत्रच बघतात. मी एचआरला सांगितलं, त्यांना दुसऱ्या शिफ्टला टाका. खरं तर अशा लोकांना घ्यायलाच नको होतं. इथले लोक उगीच नाही चिडत."

तिचं मराठी अडखळत येतं. शब्द शोधत, मध्ये थांबत. कालचं हे शेवटचं मात्र नीट, स्पष्ट आलं. मी खुर्चीवर बसलो. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्या तोंडून, जे तेव्हा डीटरसमोर निघायला हवं होतं ते निघालं.

"प्रज्ञा, तुझ्यात आणि त्या पोरांत काय फरक आहे?"

मला वाटलं, पोचलं. तिला कळलं. आता रडेल, नाही तर भांडेल, आणि मग मी तिला सगळं सांगेन, पहिल्यापासून.

"बाबा," ती अगदी समजुतीच्या, मऊ आवाजात म्हणाली, "एक रिक्वेस्ट आहे. मे महिन्यात तुम्ही इथे याल ना, तेव्हा असं काही बोलू नका. प्लीज. माझ्या ऑफिसचे लोक भेटायला येणार आहेत. त्यांच्यासमोर फक्त हसा. माझ्यासाठी."

सविता समोरच बसली होती. फोन स्पीकरवरच होता.

मी म्हणालो, "बरं."